खुंटीवरचं निळं पाऊच

१

खुंटीवर आता नुसतं कॅलेंडर उरलं होतं, आणि तेही तिरकं झालेलं. त्याच्यावर अडकवलेलं निळं पाऊच दिसत नव्हतं.

“पाऊच कुठंय?” नूतननं विचारलं.

आवाज अगदी शांत होता. बायकोचा हा शांत आवाज दीपकला चांगला ठाऊक होता, म्हणून तो आधी मागं सरकला आणि मग म्हणाला, “मी नाही घेतलं.”

“कुठंय ते विचारलं. कोणी घेतलं ते नंतर विचारणार आहे.”

त्या पाऊचमध्ये घरातल्या सगळ्यांची मूळ ओळखपत्रं होती. मुक्ताईनगरच्या लीलाधर नानांचं हे केळीवाल्यांचं कुटुंब उद्या सकाळी भुसावळहून मुंबईची गाडी पकडणार होतं आणि परवा बंदरावरून बोटीत बसणार होतं. बोट म्हणजे तापीतली नाव नव्हे. ही कित्येक मजली होती, आत पोहायचा हौद होता, नाटकगृह होतं. मूळ ओळखपत्राशिवाय बोटीत पाऊल ठेवता येणार नाही, मोबाइलमधला फोटो चालणार नाही, आणि ऐन वेळी रद्द केलं तर पैसे विसरायचे, असं बुकिंगवाल्या बाईनं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

गाद्या उलटल्या गेल्या. टीव्हीच्या मागं हात घालून झाला. दारातल्या चपलासुद्धा झटकून पाहिल्या.

“मघाशी आपण सगळे मागं पळालो तेव्हा हॉलमध्ये कोण होतं?” दीपकच्या धाकट्या भावानं, योगेंद्रनं विचारलं.

सगळ्यांच्या माना झोक्याकडे वळल्या. झोक्यावर नाना बसले होते. गुडघा धरल्यापासून त्यांचा दिवस तिथंच जाई.

“मी होतो,” नाना म्हणाले. “आताबी आहे. घ्या झडती.”

दोन्ही मुलांनी वडलांना धरून उठवलं. झोक्यावरची गादी उचलली, खिसे उलटे केले. एक अडकित्ता निघाला, सुपारीची डबी निघाली, आणि नूतननं सकाळीच दिलेली बोट लागू नये म्हणूनची गोळी निघाली. पाऊच नव्हतं.

पुढच्या दारातून बाहेर कोणी गेलं नव्हतं. तिथं नानांचे धाकटे भाऊ पंडितकाका उभे होते. मागच्या बाजूला बाकी सगळं घर होतं. मधल्या हॉलमध्ये एकटे नाना, आणि त्यांच्याजवळ काही नाही.

“मग पाऊच गेलं कुठं? हवेत?” नूतन म्हणाली, आणि तिचा शांत आवाज तिथंच संपला.

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली.

२

रिक्षातून कुंदाबाई उतरल्या. या नानांच्या बायकोच्या, सुनंदाबाईंच्या धाकट्या बहीण. आयुष्यभर भुसावळ विभागात रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. घर बोटीवर जाणार म्हणून चार दिवस राखणीला आल्या होत्या.

हॉलमध्ये उलटी गादी, रडवेली नूतन आणि एकमेकांकडे संशयानं बघणारी माणसं पाहून त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची ओढली.

“कोणी रडायचं नाही. नूतन, दुपारपासून काय झालं ते सांग. काहीही गाळू नको.”

नूतननं सांगितलं. दुपारी तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवून शेवटच्या सूचना दिल्या होत्या. शाळेत मुलांना सहलीआधी देते तशाच. मुंबईत एक दिवस आधीच पोचायचं, कारण गाडी उशिरा पोचली तर बोट कोणासाठी थांबत नाही. मोठ्या बॅगा बंदरावर जमा होतात आणि खोलीवर फार उशिरा येतात, म्हणून रोजची औषधं, एक कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवायचे. घरचं खाणं नेऊ देत नाहीत, इस्त्री नाही, हीटर नाही. गोळी बोट हलायच्या आधी घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर नाही.

“आणि फोन?”

“बोट किनाऱ्यापासून लांब गेली की फोन लागत नाही. लागला तर बिल असं येतं की माणूस समुद्रात उडी मारेल. म्हणून फोन बंद ठेवायचे आणि नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायचं.”

“बरं. मग?”

“मग मी खोल्या सांगितल्या. आधी ठरलं होतं की आई माझ्यासोबत आणि पुरुष सगळे एकत्र. पण नाना आणि आईंच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली ना, म्हणून मी बदल करून घेतला. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर, जिथं हेलकावे कमी बसतात, तिथं त्या दोघांना गॅलरीची खोली. समोर नुसता समुद्र.”

कुंदाबाईंनी भुवया वर केल्या. “त्या दोघांना एक खोली?”

भुवया वर जाण्याचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. नाना आणि सुनंदाबाई एकमेकांशी बोलत नसत. नूतन लग्न होऊन या घरात आली त्याच्याही आधीपासून. एकाच घरात राहत, एकाच वेळी जेवत, पण प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी मार्फत जाई.

“मला वाटलं,” नूतन डोळे पुसत म्हणाली, “एका खोलीत राहिले तर बोलतील.”

“आणि दोघं काय म्हणाले?”

“काही नाही. नाना म्हणाले, ‘चहा आणायला सांग.’ आईंनी चहा दिला आणि त्या मागं गोठ्यात गेल्या. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात त्या ओरडल्या, ‘भुरी सुटली!’ म्हैस शेजारच्या झुलालभाऊंच्या मक्यात शिरली होती. आम्ही पळालो. तिला धरून परत आलो तर खुंटी रिकामी.”

कुंदाबाई उठल्या. खुंटीपाशी गेल्या. तिरकं कॅलेंडर बोटानं सरळ केलं. मग त्यांनी विचारलं, “या घरात बोटीवर जायला कोण नको म्हणत होतं?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पण नूतनची नजर योगेंद्रकडे गेली. सकाळी तो फोनवर कुजबुजताना तिनं ऐकलं होतं: “त्यांना अजिबात कळता कामा नये. ऐन वेळीच समजलं पाहिजे.” तिनं ते कुंदाबाईंच्या कानात सांगितलं.

३

कुंदाबाईंनी चौकशीसाठी कोठीची खोली निवडली. एका बाजूला ज्वारीची कोठी, दुसऱ्या बाजूला बांधून ठेवलेल्या बॅगा, मधे दोन स्टुलं.

योगेंद्र दीपनगरच्या वसाहतीत राहायचा, तिथल्या वीज केंद्रात इंजिनिअर होता. स्टुलावर बसल्याबरोबर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

“बिनतिकिटाचा माणूस असंच करतो,” कुंदाबाई म्हणाल्या. “मी डब्यात शिरले की त्याला एकदम निसर्ग आवडायला लागतो. बोल, कोणाला काय कळता कामा नये?”

योगेंद्रचा चेहरा उतरला. “मावशी, ते मी सांगू शकत नाही.”

“मग तुझा भाऊ विचारेल.”

भाऊ दाराशीच उभा होता. “साहेबाला सुट्टी द्यायची नव्हती ना तुला? म्हणून केलंस ना हे?” दीपक आत घुसत म्हणाला. “सरळ सांगायचं होतं, तुला सोडून गेलो असतो!”

“मला सोडून जायला तुला निमित्तच पाहिजे असतं! मळा तुझा, घर तुझं, आता बोटपण तुझी!”

आवाज चढला. पुढच्या दारापर्यंत गेला. नूतन मधे पडली. दोन भावांनी लहानपणापासूनची सगळी भांडणं एका दमात काढली, त्यात पतंगसुद्धा निघाला. शेवटी योगेंद्रनं रागानं फोन मावशीच्या हातात आदळला. “घ्या! बघा!”

कुंदाबाईंनी बघितलं. बोटीवर केकची मागणी होती. केकवर लिहायचा मजकूर: नाना आणि आईंना पन्नासाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.

“लग्नाच्या वाढदिवसाच्या असं लिही,” कुंदाबाई म्हणाल्या. “नाहीतर पन्नाशीचे समजतील.”

दीपकनं मान खाली घातली. योगेंद्रनं नाक पुसलं. केक मागवणारा माणूस बोटच बुडवायला निघाला नसणार, हे दोघांनाही कळलं होतं.

पण तेवढ्यात पुढच्या दारात धप्पकन आवाज झाला. पंडितकाका आपली बॅग खांद्यावर टाकून निघाले होते.

४

पंडितकाका तरुणपणीच मिरचीच्या व्यापारासाठी दोंडाईचाला गेले आणि तिकडचेच झाले. बोलणंही तिकडचं झालं. गावाकडे आले की भाऊबंद त्यांच्या बोलण्याला हसत आणि ते अजून जोरात बोलत.

“बठ्ठा मनाकडेच देखी ऱ्हायनात!” सगळे आपल्याकडेच बघतात म्हणून ते अंगणात उभं राहून गरजले. “मी काय चोर शे का? जास मी घर!”

“काका, तुमच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही,” नूतन म्हणाली.

“दाखाडतीन! आते तेस्ना भांडण मिटनं, मंग मनाच नंबर!”

“तर मग बॅग उघडून दाखवा,” कुंदाबाई म्हणाल्या.

पंडितकाकांनी बॅग छातीशी धरली. “बॅग उघडाव नही.”

पंडितकाका आठवडाभर सांगत होते की आपण पुरात तापी पोहून पार केली आहे, त्यामुळे समुद्राचं आपल्याला काही कौतुक नाही. मग बॅगेत असं काय होतं की माणूस ती दाखवायला तयार नव्हता?

कुंदाबाई पुढं झाल्या. रेल्वेत त्यांनी याहून मोठ्या बॅगा याहून मोठ्या माणसांकडून उघडून घेतल्या होत्या. चेन ओढली. आतून नवीकोरी, पिवळी, बदकाच्या तोंडाची, हवा भरायची पोहण्याची ट्यूब बाहेर आली. लहान मुलांची.

कोणी हसलं नाही. हसू दाबल्यामुळे दीपकला ठसका लागला.

“मोठी मिळनी नही,” पंडितकाका हळूच म्हणाले. “माले पोहता येत नही. कोन्हाले सांगू नका.”

“पंडितभाऊ,” कुंदाबाईंनी ट्यूब परत आत ठेवली, “ज्याला जायचंच नाही तो बदक विकत घेत नाही. तुम्ही सुटलात. आता शांतपणे सांगा, म्हैस सुटली तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“याच दारमा. रस्ताकडे तोंड करीसन, फोनवर. मिरचीना भाव इचारी ऱ्हायनू.”

शेजारच्या कुडावरून झुलालभाऊंनी डोकं वर काढलं. “खरं आहे. मी मक्यात म्हशीमागं पळत होतो, तरी मले मिरचीचा भाव ऐकू येत होता.”

“आणि दारातून कोणी आत-बाहेर?”

“कोन्हीच नही. पन एक गोट सांगस.” पंडितकाकांना आता खरी तक्रार आठवली. “फोन झाया, मी आत वनू, तं मना चहा गायब! अर्धा कप भरेल व्हता. गरम व्हता. कोन ली गया मना चहा?”

“काका, इथं ओळखपत्रं गेलीत आणि तुम्हाला चहा सुचतोय?” दीपक वैतागला.

पण कुंदाबाई वैतागल्या नव्हत्या. त्या उभ्या जागी थांबल्या होत्या.

“तुम्ही आत आलात तेव्हा बाकीचे म्हशीमागून परत आले होते?”

“नही. हॉलमा एकला भाऊ व्हता. डोया मिटीसन.”

“म्हणजे घर म्हशीमागं असताना कोणीतरी कप आवरले,” कुंदाबाई स्वतःशीच म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

५

स्वयंपाकघरात सुनंदाबाई ओट्याशी उभ्या होत्या. धुतलेले कप पालथे घातले होते. शेजारच्या मोठ्या पातेल्यावर ताटली झाकलेली होती.

“सापडलं?” सुनंदाबाईंनी न वळता विचारलं.

“नाही अजून. अक्का, तुला वाईट वाटत असेल.”

“वाटणारच. समुद्र पाहायची इच्छा मले किती वर्षांपासून आहे, तुले माहीत आहे.” बोलता बोलता त्यांनी आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

कुंदाबाईंनी ताटली उचलून बघितली. तुरीची डाळ भिजत घातली होती. पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

“फुणके वाफवणार?”

“हो. तुले आवडतात म्हणून.”

“छान,” कुंदाबाई म्हणाल्या आणि मागच्या दारानं गोठ्यात गेल्या.

भुरी आता परत जागेवर उभी राहून रवंथ करत होती. तिच्या गळ्यातलं दावं कुंदाबाईंनी लांबूनच पाहिलं. दावं तुटलं नव्हतं, कुरतडलं नव्हतं, खुंटाही उपटला नव्हता. त्या आणखी जवळ जायला लागल्या तशी भुरीनं शिंगं खाली केली.

“मावशी, मागं या!” नूतन ओरडली. “ती आईंशिवाय कोणाला हात लावू देत नाही. मघाशीही शेवटी आईंनीच बांधली. आम्ही फक्त हाकलत आणली.”

“मक्यात अक्का होती तुमच्यासोबत?”

“नाही, त्यांना कुठं पळवतंय? त्या गोठ्याशी होत्या. आम्ही परत आलो तेव्हा पदर खोचून दाराशी उभ्या होत्या.”

शेवटी कुंदाबाई नानांपाशी आल्या. नाना झोक्यावर होते. वाकड्या मुठीची काठी मांडीवर आडवी होती.

“भाऊजी, तुम्ही काही ऐकलं नाही?”

“मले कमी ऐकू येतं.”

“काही पाहिलंही नाही?”

“मी डोळे मिटून होतो.”

“तुम्हाला जायचं होतं का बोटीवर?”

नानांनी पायानं झोका हलवला. मग म्हणाले, “नूतननं एवढं केलं. पोरीच्या मनासारखं व्हायला पाहिजे होतं.” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खिडकी त्या बाजूला नव्हती, नाहीतर त्यांनी तिच्यातूनच बाहेर बघितलं असतं.

कुंदाबाईंनी सगळ्यांना हाक मारली. “हॉलमध्ये या. पाऊच कोणी घेतलं ते मला समजलं.”

६

दिवेलागणीची वेळ होती. सगळे बसले. सुनंदाबाई नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी, नाना नेहमीप्रमाणे झोक्यावर, आणि मधे अख्खा हॉल.

“आधी म्हशीचं बघू,” कुंदाबाईंनी सुरुवात केली. “दावं तुटलेलं नाही, म्हणजे हातानं सोडलं. भुरीच्या गळ्याशी हात नेऊ शकतं असं घरात एकच माणूस आहे. अक्का.”

“आई?” दीपक आणि योगेंद्र एकदमच म्हणाले.

“तुम्ही सगळे मक्यात पळालात. अक्का मागं राहिली, आणि स्वयंपाकघरातून इथं आली. पंडितभाऊंचा अर्धा चहा तिनंच उचलला. जी बाई माणसाला कपातला शेवटचा घोट संपवल्याशिवाय उठू देत नाही, तिनं भरलेला कप का नेला? कारण तिला ट्रे न्यायची घाई होती. ट्रेवर फडकं होतं, फडक्याखाली पाऊच.”

“मावशी, काहीतरीच काय!” नूतन उठून उभी राहिली. “आईंना तर समुद्र बघायचाय! सगळ्यांत जास्त त्यांनाच जायचंय!”

“मग तिनं एवढी डाळ का भिजत घातली? उद्या सकाळी तुम्ही सगळे जाणार. राहणार मी एकटी. ते पातेलं सात माणसांचं आहे. उद्या जेवायला अख्खं घर इथंच असणार, हे भिजवणारीला आधीच माहीत होतं.”

सुनंदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही.

“पण खुंटी उंच आहे,” योगेंद्र हळूच म्हणाला. इंजिनिअर असल्यानं त्याला तेच सुचलं. “आईचा हात पोचत नाही. आणि नाना इथं बसलेले होते, त्यांच्यासमोर...”

“बरोबर. तिचा हात पोचत नाही. म्हणून पाऊच तिनं काढलंच नाही. झोक्यावर बसल्या जागेवरून काठीच्या मुठीनं कोणीतरी ते अडकवून ओढलं. ओढताना कॅलेंडर तिरकं झालं.” कुंदाबाई थांबल्या. “चोर एक नाही. दोन आहेत.”

मग दीपकला हसू फुटलं. “मावशी, हे कसं शक्य आहे? नाना आणि आई? ते दोघं बोलत नाहीत! मिठाचं भांडंसुद्धा नूतनला मधे घेतल्याशिवाय इकडचं तिकडं होत नाही. न बोलता दोघांनी चोरी कशी ठरवली?”

“तेच मला कळेना,” कुंदाबाई म्हणाल्या. “म्हणून मघाशी मी भाऊजींनाच विचारलं. आणि भाऊजींनी सांगून टाकलं, की हे सगळं अक्कानं ठरवलं.”

हे साफ खोटं होतं. रेल्वेत दोन सोबती वेगवेगळ्या डब्यांत सापडले की कुंदाबाई पहिल्याला दुसऱ्याचं नाव सांगत. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होई.

सुनंदाबाईंनी पदर सोडला. त्या ताड ताड चालत हॉलच्या मधोमध आल्या आणि थेट झोक्यासमोर उभ्या राहिल्या.

“तुम्ही माझं नाव सांगितलं?”

झोका थांबला.

“मी कायले सांगू?” नाना म्हणाले. “तूच सांगितलं असशील बहिणीले!”

“मी कायले सांगू? मी जन्मात तुमची चुगली केली का?”

“मग मी केली का?”

“केली नाही, पण मले भुसावळच्या स्टेशनावरून परत पाठवलं! द्वारकेचं तिकीट हातात होतं! नवं लुगडं नेसले होते! समुद्र दाखवतो म्हणे, अन् गाडी यायच्या आधी म्हणे घरी जा, कापणीवाले आले!”

“ट्रक उभा होता, सुनंदा! केळी पिकली असती!”

“मग केळीशीच लग्न करायचं होतं!”

नूतन तोंडावर हात ठेवून बसली होती. इतकी वर्षं ती ज्या भांडणाची टपालवाली होती, त्याचं मूळ तिला आज कळत होतं. पंडितकाका तिच्या कानाशी कुजबुजले, “बोली ऱ्हायनात, देख. हालू नको.”

“मी रोज ठरवायचो,” नाना म्हणाले, आता हळू आवाजात. “आज बोलतो, चुकलं म्हणतो. मग आठवडा गेला. वर्ष गेलं. एवढ्या दिवसांनी तोंड उघडायचीच लाज वाटायला लागली. अन् आज ही पोरगी म्हणते, एका खोलीत राहा. मधे कोणी नाही, फोनबी नाही. तू समोर बसली असती, तर मी काय बोललो असतो?”

“मलेबी तेच,” सुनंदाबाई म्हणाल्या. “आधी तुम्ही बोलायला पाहिजे होतं. नसते बोलले तर तो समुद्र पाहून मी काय करणार होते?”

“पण ठरवलं कसं?” दीपकचा प्रश्न अजून तिथंच अडकला होता.

नानांना तो प्रश्नच समजला नाही. “ठरवायचं काय त्यात? हिनं खुंटीकडे पाहिलं. मग माझ्या काठीकडे पाहिलं. मग उठून मागं गेली. मले कळलं.”

“मी ट्रे घेऊन आले, तर ह्यांनी मांडीवरचं पांघरूण सरकवलं, खाली पाऊच. मले कळलं.”

कुंदाबाईंनी कपाळावर हात मारला. “एवढं न बोलता कळतं, तर बोलायला काय झालं होतं तुम्हाला?”

सुनंदाबाई कोठीच्या खोलीत गेल्या, ज्वारीत खांद्यापर्यंत हात घातला आणि निळं पाऊच बाहेर काढलं. चेनमध्ये दाणे अडकले होते. त्यांनी ते पदरानं पुसून नूतनच्या हातात दिलं.

“पोरी, रागावली का गं?”

नूतनला रागवायचं होतं. तिनं त्यासाठी तोंडही उघडलं. पण रडू आधी आलं, आणि सासूनं तिला जवळ घेतल्यावर ते लवकर थांबेना.

“मग आता?” योगेंद्रनं विचारलं. “जायचं की नाही?”

नाना बायकोकडे बघत होते. सुनंदाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. या वेळी मात्र दोघांनाही काही कळेना, तेव्हा नानांना तोंडानंच विचारावं लागलं.

“सुनंदा, येशील का?”

“स्टेशनावरून परत नाही पाठवणार?”

“नाही.”

“मग बॅगेले कुलूप लावा. माझ्यानं लागत नाही.”

७

बोट निघाली त्या संध्याकाळी नूतनच्या सूचनांचा पुरेपूर प्रत्यय आला. मोठ्या बॅगा बराच वेळ खोल्यांवर पोचल्या नाहीत, पण औषधं हाताशी असल्यानं कोणाचं अडलं नाही. पोहायचे कपडेही हाताशी होते, त्यामुळे पंडितकाका सगळ्यांत आधी हौदावर पोचले आणि कंबरभर पाण्यात, कमरेला बदक अडकवून, एका सुरतेच्या व्यापाऱ्याशी मिरचीबद्दल बोलत उभे राहिले. बदक कमरेत नीट बसलं नव्हतं, पण सुटतही नव्हतं.

गोळी आधी घ्यायची, हे फक्त योगेंद्रनं ऐकलं नाही. एवढ्या मोठ्या जहाजाला हेलकावे बसूच शकत नाहीत, हे त्यानं दीपकला कागदावर आकृती काढून समजावलं होतं. किनारा दिसेनासा झाला तेव्हा तो खोलीत आडवा पडला होता आणि दीपक त्याच्या उशाशी सुंठेचा तुकडा घेऊन बसला होता. “चाव,” दीपक म्हणत होता, “आणि बोलू नको.”

जेवणाची वेळ झाली. नाना आणि सुनंदाबाई आले नाहीत. नूतननं थोडी वाट पाहिली आणि मग काळजीनं त्यांच्या खोलीकडे गेली. दार लोटलेलंच होतं. आत कोणी नव्हतं. ती गॅलरीच्या काचेपाशी गेली.

दोघं बाहेर खुर्च्यांवर बसली होती. समोर आकाशाला टेकलेलं पाणी, आणि त्यावर बुडत्या सूर्याचा लाल पट्टा. अख्ख्या बोटीवरची माणसं त्या वेळी कठड्याला खेटून फोटो काढत होती. सुनंदाबाईंची मात्र समुद्राकडे पाठ होती. त्या नवऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि बोलत होत्या. गाडीत बसल्यापासून त्या बोलत होत्या. राहिलेलं सगळं त्या क्रमानं सांगत होत्या: दीपकच्या लग्नात कोण रुसलं, गोठा बांधताना गवंड्यानं कसं फसवलं, तुम्ही तापानं फणफणला होतात तेव्हा मी देवाजवळ काय बोलले. नाना मधूनमधून “हं” म्हणत होते. एकदा त्यांनी डोळे पुसले, आणि वारा फार आहे म्हणाले.

“आई,” नूतननं दार सरकवून हळूच हाक मारली, “सूर्य बुडतोय. समुद्र बघा ना.”

“बघते गं. तो कुठं पळून चालला?” सुनंदाबाई म्हणाल्या. “तर मी काय सांगत होते...”

नूतननं दार परत ओढून घेतलं. काचेतून तिला दिसलं, की नाना गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, उभे राहिले. त्यांनी बायकोची खुर्ची, तिच्यासकट, थोडी थोडी करत पाण्याकडे वळवली. मग आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि बसले.

सुनंदाबाईंनी समोर पाहिलं. पाहतच राहिल्या. गोष्ट तोंडातच राहिली.

“मग?” नाना म्हणाले. “गवंड्याचं काय झालं?”